टायीचा डोह: वल्ह्याच्या होडीतून तीस पौंडांचा सॅमन कसा गरवावा

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हर नावाचं गाव आहे. त्याच नावाची नदी इथे डिस्कव्हरी पॅसेज या सामुद्रधुनीला मिळते. नदीच्या मुखाशी टायी स्पिट नावाचा वाळू-गोट्यांचा चिंचोळा दांडा समुद्रात शिरला आहे, आणि त्याच्या बाहेरच्या पाण्याला तिथले लोक ‘टायी पूल’ म्हणतात. मराठीत पूल म्हटलं की कमानी आणि कठडे डोळ्यांपुढे येतात, म्हणून या लेखात त्याला टायीचा डोह म्हणू.

‘टायी’ हा चिनूक जार्गनमधला शब्द. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी आणि बाहेरून आलेले व्यापारी एकमेकांशी ज्या मिश्र बोलीत बोलत, तिच्यात टायी म्हणजे सरदार. ३० पौंड, म्हणजे १३.६ किलो किंवा त्याहून जड भरलेल्या चिनूक सॅमनलाच हे नाव मिळतं. २९ पौंडांचा मासा कितीही देखणा असला तरी तो नुसता ‘स्प्रिंग’, म्हणजे साधा चिनूक.

१८९६ साली सर रिचर्ड मसग्रेव्ह यांनी इथे ७० पौंडांचा मासा गळाने काढला. ती बातमी इंग्लंडपर्यंत गेली आणि हौशी गरवणारे या मुखाकडे येऊ लागले. १९२४ मध्ये टायी क्लब ऑफ ब्रिटिश कोलंबिया स्थापन झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना बेटावर ट्यूना क्लब आधीपासून होता. मोठा मासा हलक्या साधनाने, त्याला सुटायची संधी ठेवून धरायचा, हा ट्यूना क्लबचा दंडक टायी क्लबने उचलला आणि त्यात आपली अट घातली: होडी वल्ह्यानेच चालवायची. ही अट आजही कायम आहे, आणि पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

एक खुलासा आधीच करतो. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावसाचं कुळ वेगळं. तो खाडीत आणि किनाऱ्यालगत वावरणारा समुद्री मासा आहे. चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात काही वर्षं वाढतो, अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो आणि तिथेच मरतो. डोहात भेटणारा चिनूक या परतीच्या वाटेवर, नदीत शिरण्याआधी थबकलेला असतो. त्याची भूक जवळपास संपलेली असते. तो आमिषावर येतो ते चिडून किंवा समुद्रात जडलेल्या सवयीने, असं बहुतेक जाणकार मानतात. आमिष कसं चालवायचं हे त्यावरून ठरतं: त्याच्या तोंडासमोरून, सावकाश, पुन्हा पुन्हा.

परवाना आणि नोंदणी

पहिलं काम कागदांचं. समुद्राच्या पाण्यात गरवण्यासाठी फिशरीज अँड ओशन्स कॅनडा या केंद्रीय खात्याचा ‘टायडल वॉटर्स’ परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा असतो. सॅमन घरी न्यायचा असेल तर त्याच परवान्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो. नदीच्या गोड्या पाण्यासाठीचा परवाना निराळा, प्रांताच्या सरकारचा. डोहासाठी तो चालत नाही.

कॅम्पबेल रिव्हर खात्याच्या नकाशावर ‘एरिया १३’ मध्ये येतं. निघायच्या आदल्या रात्री एरिया १३ च्या ताज्या सूचना वाचायच्याच. चिनूकचे नियम हंगामाच्या मध्यातही बदलतात, आणि काही वेळा ठेवता येणाऱ्या माशाच्या लांबीवर वरची मर्यादा येते. तीस पौंडांचा चिनूक साधारण मीटरभर लांब असतो, त्यामुळे अशी मर्यादा लागू असेल तर टायी ठेवणं बेकायदा ठरतं आणि तो सोडावाच लागतो. चिनूक ठेवला तर त्याची नोंद परवान्यावर तिथल्या तिथे करायची. किनाऱ्यावर आल्यावर करू म्हणणाऱ्यांना दंड होतो.

मग क्लब. क्लबहाऊस टायी स्पिटवर आहे. होडी पाण्यात ढकलण्याआधी तिथे जाऊन नोंदणी करावी, त्या वर्षीची नियमपत्रिका घ्यावी आणि डोहाच्या हद्दी नकाशावर दाखवून घ्याव्यात. क्लबचा हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर. थोडक्यात नियम असे: मासा नोंदलेल्या हद्दीत, वल्हवत असलेल्या होडीतून लागलेला हवा, इंजिन चालू नको, रॉड ६ ते ९ फुटांचा, दोरीची तुटण्याची ताकद २० पौंडांपेक्षा जास्त नको, आमिष कृत्रिम, त्याला एकच गळ आणि तोही उलट्या काट्याशिवायचा, आणि मासा होडीपाशी येईपर्यंत रॉडला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. या नियमांत राहून ३० पौंडांचा मासा काढला की क्लबचं सभासदत्व मिळतं. पैसे भरून ते मिळत नाही.

मुख्य भूमीवरच्या व्हँकुव्हर शहरातून किंवा त्याच्या शेजारच्या सरेहून येणाऱ्यांनी हॉर्सशू बे ते नानाइमो फेरी धरावी, ती सुमारे पावणेदोन तास घेते. पुढे महामार्ग १९ ने उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. पहाटेच्या वेळेसाठी आदल्या दिवशी मुक्कामाला पोचलेलं बरं.

कधी जायचं

चिनूक जुलैच्या उत्तरार्धात दिसायला लागतात, पण भर ऑगस्टमध्ये असतो. दिवसातल्या दोन वेळा खऱ्या: उजाडण्याआधी अर्धा तास ते ऊन पाण्यावर येईपर्यंत, आणि सूर्य मावळण्याआधी तासभर ते काळोख पडेपर्यंत. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि साडेआठच्या सुमारास मावळतो. डोह उथळ आहे. ऊन आत शिरलं की मासा दबकतो, खोल पाण्याकडे सरकतो, आणि वरून जाणाऱ्या होडीची सावलीही त्याला कळते. ढगाळ सकाळ असेल तर वेळ लांबते.

कोकणच्या खाडीत गरवणाऱ्याला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची सौम्य भरती-ओहोटी) समजावून सांगायला नको. इथे त्यात एक गोष्ट वाढते. डिस्कव्हरी पॅसेजमध्ये भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि ओहोटीचा उत्तरेकडे. उत्तरेला काही किलोमीटरवर सेमूर नॅरोज ही अरुंद खिंड आहे. तिच्यातला प्रवाह उधाणाला १५ नॉटच्या, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास जातो. खिंडीच्या मधोमध असलेला रिपल रॉक नावाचा खडक अनेक जहाजांना भोवला होता. तो ५ एप्रिल १९५८ रोजी सुरुंग लावून उडवावा लागला. डोहात एवढा ओढा नसतो, पण त्याचा धक्का पोचतो.

म्हणून पाण्याची उंची सांगणारं कोष्टक आणि प्रवाहाचं कोष्टक, अशी दोन्ही बघायची. भरती पूर्ण व्हायची वेळ आणि प्रवाह थांबायची वेळ या खिंडीत एक नसते; नवखे इथेच चुकतात. उंचीच्या कोष्टकावरून ‘आता पाणी उभं राहील’ म्हणून होडी काढतात आणि तासभर धारेशी झगडत बसतात. कोष्टकातल्या वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत की नाहीत तेही तपासा, नाहीतर एका तासाची चूक होते. सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे प्रवाह मंदावून उलटण्याचा काळ पहाटे किंवा संध्याकाळी येतो तो. भांगाच्या दिवसांत प्रवाह सौम्य असतो, वल्हवणं सोपं जातं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच दिवस निवडावेत.

होडी आणि वल्ही

डोहातली जुनी होडी १४ ते १६ फुटांची, सीडरच्या फळ्या एकावर एक चढवून बांधलेली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती आणि मागची फळी अरुंद. फायबरच्याही चालतात. होडीत तीन गुण हवेत: कमी जोरात सरळ चालावी, मध्येच न थांबता तरंगत पुढे जावी, आणि वाऱ्याने तिचं तोंड फिरू नये. रुंद, सपाट बुडाची ॲल्युमिनियमची होडी स्थिर असते, पण वारा आणि धार दोन्ही तिला ढकलतात आणि तासाभरात वल्हेकरी दमतो. शिवाय प्रत्येक ठोका पत्र्यातून पाण्यात वाजतो.

वल्ह्याची लांबी अंदाजाने घेऊ नये. वल्हं ज्या कड्यांत बसतं त्या दोन कड्यांमधलं अंतर इंचात मोजा, निम्मं करा, त्यात २ मिळवा. हा झाला कडीच्या आतला भाग. आतला आणि बाहेरचा भाग ७ ला १८ या प्रमाणात हवा. अंतर ४८ इंच असेल तर आतला भाग २६ इंच आणि पूर्ण वल्हं सुमारे ९३ इंच, म्हणजे पावणेआठ फूट. आखूड वल्ह्याने फटके जास्त मारावे लागतात. लांब वल्हं जड पडतं आणि संथ चालीत पाण्यात अडखळतं.

जिथे वल्हं कडीत घासतं तिथे चामड्याचा पट्टा असतो. त्याला चरबी किंवा मेण लावा. कडीचा खडखडाट बंद झाला पाहिजे. होडीच्या तळाला जाड सतरंजी किंवा रबराची चटई पसरा म्हणजे शिसं, पाण्याची बाटली, बूट, काहीही आपटून आवाज होणार नाही.

वजनाची मांडणी अशी: वल्हेकरी मधल्या फळीवर, मागे तोंड करून. गरवणारा मागच्या फळीवर, त्याचंही तोंड मागेच. म्हणजे वल्हेकऱ्याला गरवणाऱ्याची पाठ, रॉडचं टोक आणि दोरी तिन्ही समोर दिसतात. गरवणारा जड असेल तर मागची बाजू बसते आणि होडी पाणी ओढत चालते. अशा वेळी नाळेत वाळूची पिशवी किंवा पाण्याचा कॅन ठेवून तोल साधायचा.

रॉड, रीळ, दोरी

आठ ते नऊ फुटांचा, टोकाला मऊ आणि बुडाला ताकदीचा रॉड घ्या. आमिषाचे ठोके टोकावर दिसले पाहिजेत, म्हणून टोक कडक नको. रीळ बहुतेक जण ‘मूचिंग’ प्रकारचं वापरतात. त्यात गिअर नसतो. मूठ एकदा फिरवली की चाक एकदाच फिरतं, आणि मासा धावला की मूठही त्याच वेगाने उलटी फिरते. बोटं मध्ये आली तर सोलून निघतात. सवय नसेल तर साधं गिअरचं रीळ घ्या, त्यात कमीपणा नाही.

दोरी नायलॉनची, एकपदरी, २० पौंडांची. इथे बारकाईने वाचा. डब्यावर २० लिहिलेली पुष्कळ दोरी प्रत्यक्षात २५ ला तुटते, आणि विणलेल्या दोरीचा आकडा तर त्याहून फसवा असतो. क्लब दोरी तपासू शकतो, आणि दोरी मर्यादेबाहेर गेली तर मासा बाद. स्पर्धा-वर्गाची, म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या आतच तुटेल अशी हमी असलेली दोरी घ्या, किंवा १७ पौंडांची घ्या आणि निश्चिंत व्हा. रिळावर किमान २०० मीटर हवी.

रिळाचा ब्रेक, म्हणजे किती ओढीला दोरी सुटू लागेल तो ताण, दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा: २० च्या दोरीला ५ ते साडेसहा पौंड. हाताच्या अंदाजाने लावू नका. दोरीचं टोक काट्याच्या तराजूला बांधा, रॉड वाकवून ओढा आणि आकडा बघा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. मोठे मासे सुटल्याच्या बऱ्याच कहाण्यांच्या मुळाशी अशी एखादी गाठ असते.

आमिष

डोहात दोन घराणी चालतात: प्लग आणि स्पून. प्लग म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, पाच ते सात इंचांचा, तिरप्या डोक्याचा मासा. ओढला की डावी-उजवी मान हलवतो. ब्रिटिश कोलंबियात बनणारे टॉमिक प्लग इथे पेटीपेटीत दिसतील. स्पून म्हणजे पितळ, तांबं किंवा निकेलचा लांबट वाकवलेला पत्रा. तो लडबडत चालतो. पहाटेच्या अंधुक उजेडात मोत्यासारखा पांढरा प्लग किंवा चकचकीत पितळ, ऊन चढू लागलं की गडद हिरवा-निळा किंवा तांबं, ही सुरुवात पुरे. रंगाच्या वादात शिरू नका. वेग बरोबर असेल तर मध्यम रंगावरही मासा येतो, वेग चुकला तर कशावरच येत नाही.

दुकानातल्या प्लगला बहुधा दोन-तीन काट्यांचे गळ असतात. ते काढून एकच मोठा गळ फिरकीसह बसवा. त्याचा उलटा काटा पक्कडीने पूर्ण दाबा आणि कापडावरून ओढून पाहा: धागा अडकला तर काटा शिल्लक आहे. गळाचं टोक नखावर टेकवा. नखावर घसरलं तर कानशीने धार लावा. नखात रुतलं पाहिजे.

दोरीची मांडणी: मुख्य दोरी, मग २ ते ४ औंसांचं, म्हणजे ५७ ते ११३ ग्रॅमचं केळ्याच्या आकाराचं शिसं फिरकीसह, मग पाच ते सहा फुटांचा लीडर, म्हणजे आमिषाआधीचा दोरीचा वेगळा तुकडा, मग आमिष. लीडर रॉडपेक्षा लांब ठेवला तर शेवटच्या क्षणी पंचाईत होते. शिसं रॉडच्या टोकाच्या कडीशी येऊन अडतं, पुढे रीळ गुंडाळता येत नाही, आणि मासा अजून जाळीच्या टप्प्याबाहेरच असतो.

आता वल्हं

टायीच्या डोहात मासा वल्हेकरी धरतो. गरवणारा तो फक्त ओढतो. आमिषाला जीव येतो तो होडीच्या चालीतून. त्यामुळे सरावाचा सगळा वेळ वल्ह्यावर घाला. पहिल्या खेपेला अनुभवी वल्हेकरी भाड्याने मिळत असेल तर खुशाल घ्या आणि त्याचे हात बघत बसा.

आमिष सोडण्याआधी ते होडीच्या कडेला, हातभर दोरीवर चालवून बघायचं. प्लगने मान हलवत सरळ यायला हवं. एका बाजूला कलत असेल तर दोरी बांधायची कडी पक्कडीने विरुद्ध बाजूला केसभर वाकवा. स्पून डोलायला हवा, गरगर फिरता कामा नये. फिरला तर वेग जास्त आहे, आणि तासाभरात दोरीला इतका पीळ बसेल की रिळावर गुंते होतील.

मग दोरी सोडा, पण मोजून. रिळापासून रॉडच्या पहिल्या कडीपर्यंत हाताने ओढलेली दोरी म्हणजे एक ‘ओढ’, साधारण दोन फूट. पस्तीस-चाळीस ओढींपासून, म्हणजे ७० ते ८० फुटांपासून सुरुवात करा. हा आकडा महत्त्वाचा, कारण मासा लागला की तोच आकडा पुन्हा लावायचा असतो. ‘तेवढीच सोडली होती बहुतेक’ म्हणणाऱ्याला त्याच जागी दुसरा मासा लागत नाही.

चालीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज वेगाचा. आमिषाला जमीन कळत नाही, पाणी कळतं. धार एक नॉटने समोरून येत असेल आणि होडी किनाऱ्याच्या हिशोबाने जागच्या जागी उभी असेल, तरी आमिष एक नॉटने चालतंच आहे. मोबाइलवरचा जीपीएस अशा वेळी शून्य दाखवतो, वल्हेकरी घाबरून जोर लावतो, आणि आमिष वर येऊन गरगरायला लागतं. पडद्यावरचा आकडा विसरा आणि रॉडच्या टोकाकडे बघा. प्लग नीट चालत असला की टोक बारीक, सारखं थरथरतं. स्पूनचे ठोके सावकाश आणि मोजता येतील असे पडतात. हे ठोके वल्हेकऱ्याने डोळ्यांनी धरायचे आणि त्यांच्या तालावर हात चालवायचे.

हात कसे चालवायचे? शर्यतीसारखे लांब, जोरकस फटके नकोत. तशा फटक्याला होडी उसळते, मग मंदावते, आणि आमिष धावतं-पडतं करत राहतं. आखूड, सलग फटके मारा, दोन फटक्यांच्या मध्ये होडी मंदावू देऊ नका. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडेल इतकंच घाला, खोल खुपसू नका. बाहेर काढताना मनगट वळवून पातं आडवं करा म्हणजे वारा अडत नाही आणि पाणी सपकन वाजत नाही. पाठ सरळ, ओढ खांद्यातून आणि पोटातून. नुसत्या दंडाने वल्हवलं तर अर्ध्या तासात हात जड होतात आणि ताल जातो. तळव्याला फोड येणार हे धरूनच पातळ हातमोजे घाला.

होडीचं तोंड नेहमी धारेकडे. धारेविरुद्ध हळूहळू चढायचं, पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचल्यावर वल्हवणं जरा सैल करून मागे सरकू द्यायचं, पण आमिषाचे ठोके थांबू न देता, आणि पुन्हा चढायचं. धारेबरोबर जोरात उतरत गरवू नका. आमिष मरतं आणि तळाला अडकतं. थोडं तिरकं चढून दोन्ही बाजूंचं पाणी चाळता येतं. वळण मोठं घ्या. वळताना आतल्या बाजूचं आमिष मंदावून खाली जातं आणि सरळ झाल्यावर पुन्हा उठतं. मासा बऱ्याचदा याच उठण्यावर येतो, म्हणून वळणात गरवणाऱ्याने गप्पा बंद ठेवाव्यात.

खोलीचा अंदाज तळाला विचारून घ्यायचा. सुरुवातीला शिसं अधूनमधून तळाला टक् करून लागेल इतकी दोरी सोडा, मग दोन-तीन ओढी गुंडाळून घ्या. सारखं लागत असेल तर शिसं कमी करा. अर्ध्या तासात एकदाही लागलं नाही तर आमिष माशांच्या डोक्यावरून जात आहे. टोकाची थरथर अचानक बंद झाली आणि दोरी जड लागली तर गळावर समुद्री गवत किंवा केल्प अडकलं आहे. ताबडतोब गुंडाळून साफ करा. गवताच्या पात्यासह तासभर वल्हवत राहणं ही डोहातली सगळ्यात सर्रास वाया जाणारी मेहनत आहे.

शेजारधर्मही इथे नियमाइतकाच पाळला जातो. सगळ्या होड्या एकाच लयीत चढतात-उतरतात. कुणाच्या मागून ७०-८० फुटांवर आमिष येत आहे हे लक्षात ठेवून मागून आडवं जाऊ नका. इंजिन असलेली होडी असेल तर ते डोहाच्या हद्दीबाहेरच बंद करून वर उचलून ठेवा.

मासा लागल्यावर

टोक एकदा-दोनदा टपटपेल, मग खाली जाईल. कधी उलट होतं: ठोके थांबतात आणि दोरी ढिली पडते, कारण मासा आमिष घेऊन होडीकडे आला आहे. पहिल्या टपटपीला झटका देऊ नका. दोरी ताणू द्या. ती ताणली की वल्हेकऱ्याने तीन-चार जोरदार फटके मारायचे; गळ रुततो तो या फटक्यांनी, कारण ८० फूट नायलॉनचा ताण नुसत्या मनगटाच्या झटक्याने भरून निघत नाही. गरवणाऱ्याने त्याच वेळी रॉड उचलून धरायचा.

आता मोठ्याने ‘फिश ऑन’ ओरडा, म्हणजे आजूबाजूच्या होड्या आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट देतील. वल्हेकऱ्याने डोहातल्या गर्दीतून खोल पाण्याकडे निघायचं, होडीची मागची बाजू सतत माशाकडे ठेवून. दोरी वल्ह्यांपासून लांब राहिली पाहिजे.

पहिली धाव शंभर मीटरचीही असू शकते. ती रोखायची नाही. ब्रेकला हात न लावता रॉड उंच धरा आणि रीळ बोलू द्या. धाव थांबली की रॉड सावकाश वर उचला, मग टोक खाली नेताना रीळ फिरवा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. टोक खाली आणताना दोरी ढिली सोडू नका. उलटा काटा नसलेला गळ ढिल्या दोरीत माशाच्या एका मान झटकण्याने निसटतो. मासा होडीखाली शिरला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि वल्हेकऱ्याने मागची बाजू फिरवून दोरी मोकळी करावी. वीस ते चाळीस मिनिटं सहज लागतात.

रॉड दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, पण जाळी वल्हेकऱ्याने धरायची असते. मासा कुशीवर वळून डोकं पाण्यावर आणेपर्यंत जाळी दाखवू नका, नाहीतर तो पुन्हा धावेल. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा, आणि गरवणाऱ्याने मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर आणावा. शेपटीकडून जाळी मारली की मासा पुढे उडी घेतो आणि दोरी जाळीच्या कडेला घासून तुटते. जाळी आत आली की दांडा उभा धरून उचला. आडवा उचलला तर एवढ्या वजनाने वाकतो किंवा मोडतो.

कोहो ही सॅमनचीच दुसरी जात; तिच्यात आणि चिनूकमध्ये गोंधळ होत असेल तर तोंड उघडून बघा. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि ठिपके शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर. कोहोच्या हिरड्या दातांपाशी फिक्या असतात, ठिपके फक्त वरच्या भागावर.

ठेवायचा की सोडायचा

या नदीतला चिनूक आता पूर्वीइतका नाही. १९४७ मध्ये नदीवर जॉन हार्ट धरण झालं, आणि १९७४ पासून क्विन्सम या उपनदीवर मत्स्यबीज केंद्र चालतं. मोठी मादी म्हणजे हजारो अंडी. नियम ठेवायला परवानगी देत असतील तरी विचार करून ठेवा, आणि सभासदत्व आधीच असेल तर सोडून द्या. नोंदीची त्या वर्षीची पद्धत क्लबहाऊसवर आधीच विचारलेली असावी.

सोडायचा असेल तर मासा होडीत आणूच नका. रबराच्या, बिनगाठीच्या जाळीत पाण्यातच राहू द्या, लांब चिमट्याने गळ उलटा फिरवून काढा. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि पाठीच्या पंखासमोर घेर, दोन्ही इंचात, मऊ पट्टीने मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, म्हणजे पौंडांत अंदाजे वजन. ४० इंच लांब आणि साडेचोवीस इंच घेराचा मासा बरोबर तीसच्या रेषेवर येतो. मग शेपटीच्या बुडाशी धरून डोकं धारेकडे करा. तो स्वतः हात झटकून जाईपर्यंत सोडू नका.

ठेवायचा असेल तर डोक्यावर एक जोरदार, नेमका टोला, आणि लगेच परवान्यावर नोंद. ओल्या गोणपाटात गुंडाळा, पोट साफ करू नका, आणि सरळ क्लबहाऊसच्या काट्यावर न्या. रक्त आणि पाणी गळून मासा वजनात घटतो. पाण्यातून काढताना साडेतीस भरणारा मासा दुपारी उन्हात पडून तीसच्या खाली उतरतो आणि टायीपण गमावतो. वजनाप्रमाणे क्लबचं बटण, म्हणजे बिल्ला मिळतो: ३० पौंडांच्या वर कांस्याचं, ४० च्या वर रौप्य, ५० च्या वर सुवर्ण, ६० च्या वर हिऱ्याचं. हंगामातला सगळ्यात जड मासा काढणाऱ्याला त्या वर्षीचा ‘टायी मॅन’ म्हणतात.

पाण्याची भीती बाळगा

हे पाणी कोकणातल्या पाण्यासारखं कोमट नाही. भर उन्हाळ्यातही ते इतकं गार असतं की अंगावर पडताच श्वास अडकतो. कॅनडात शिकवतात तो हिशोब पाठ करा: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात सुमारे १० मिनिटं, शुद्ध जायला साधारण १ तास. त्यामुळे लाइफजॅकेट अंगावर हवं, फळीखाली नाही. शिवाय शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, १५ मीटरची तरंगणारी दोरी, आणि अंधार असताना पांढरा दिवा. पहाटे आणि सांजेला पॅसेजमधून मोठी जहाजं आणि बोटी जातात. त्यांची लाट दोन-तीन मिनिटांनी डोहात पोचते. ती येताना नाळ तिच्याकडे फिरवा, आणि उभं कोणी राहायचं नाही, मासा लागलेला असला तरीही.

परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, लीडर फेकून द्या, आणि मुख्य दोरीचे शेवटचे तीन-चार मीटर कापून गाठी नव्याने बांधा. मासा लागला असेल तर ब्रेक तराजूवर पुन्हा तपासा. नायलॉन उन्हाने आणि ताणाने थकतं, म्हणून रिळावरची दोरी दर हंगामाला पूर्ण बदलायची.